शोग्रेन व्याधी : कोरड आणि खिशातील खर्च

झाशीच्या बडा बाजारासारख्या जुन्या पेठेत उन्हाळ्यात डोळे चुरचुरले, तोंडाला कोरड पडली, तर दोष उन्हाला व धुळीला दिला जातो. बहुधा तो खराही असतो. परंतु कोरड पावसाळ्यातही हटत नसेल, पोळीचा घास पाण्याशिवाय गिळता येत नसेल, दात झपाट्याने किडत असतील, तर शोग्रेन या स्वयंप्रतिकार व्याधीचा विचार करावा लागतो.

या व्याधीत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अश्रुग्रंथी व लाळग्रंथींवर हल्ला करते. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये प्रबंधात तिचे सविस्तर वर्णन केले. दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. त्यांचा थकवा व सांधेदुखी वयाच्या खात्यावर टाकली जाते. शिर्मर चाचणी साधी आहे : खालच्या पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी पाच मिनिटांत ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजल्यास अश्रू अपुरे समजतात. व्याधी पूर्ण बरी होत नाही. काहींना लसिकापेशींचा कर्करोग होतो, म्हणून देखरेख आयुष्यभराची.

पेच येथेच आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, ते रुग्णालयात दाखल झाल्यास. शोग्रेनचा रुग्ण सहसा दाखल होत नाही. कृत्रिम अश्रू, दंतोपचार, तपासण्या हा सारा बाह्यरुग्ण खर्च. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील खिशातील खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठीच आहे. तथापि अशा स्त्रीला विम्याच्या रकमेपेक्षा सरकारी दवाखान्यात डोळ्यांचे थेंब दरमहा मोफत मिळतात का, हे अधिक महत्त्वाचे ठरते.