पोथ्यांचे घर आणि पत्रांचे घर : दोन आरंभकालीन सार्वजनिक वास्तूंचा अभ्यास

साहित्याचा अभ्यासक पोथीचा, पाठाचा आणि पाठभेदांचा विचार करतो. परंतु ती पोथी ज्या वास्तूत जपली जाते, त्या वास्तूचा विचार तो क्वचितच करतो. ग्रंथालय, संग्रहालय, संशोधनमंदिर या त्याच्या दृष्टीने सोयीच्या जागा असतात. वस्तुतः लिखित शब्द समाजाच्या स्वाधीन कसा करावा, या प्रश्नाला दिलेले ते एक उत्तर असते. पोथी जपावयाची तर ती प्रकाश, धूळ आणि हात यांपासून दूर ठेवावी लागते. आणि ती लोकांची म्हणावयाची तर लोकांना तिच्याजवळ येऊ द्यावे लागते. हा विरोध सोडविण्याचे काम अहमदाबादमध्ये एकाच सुमारास दोन तरुण वास्तुकारांकडे आले. बाळकृष्ण दोशी यांनी उभारलेले लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर १९६२ मध्ये पूर्ण झाले. चार्ल्स कोरिया यांनी साबरमती आश्रमात उभारलेल्या गांधी स्मारक संग्रहालयाचे उद्घाटन १९६३ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. या दोन वास्तूंचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पार्श्वभूमी

दोशींचा जन्म १९२७ मध्ये पुण्यात झाला. घराण्याचा व्यवसाय लाकडी सामानाचा होता. मुंबईच्या सर ज. जी. कलाविद्यालयात शिक्षण घेऊन ते पुढे पॅरिसला गेले आणि ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. कोरिया मूळच्या गोमंतकीय कुटुंबातले. त्यांचा जन्म १९३० मध्ये सिकंदराबाद येथे झाला. मुंबईनंतर त्यांचे शिक्षण अमेरिकेत, मिशिगन विद्यापीठात आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत झाले. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि त्याच वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारास, संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले. विद्यामंदिराचे काम हाती आले तेव्हा दोशींचे वयही तिशीच्या आसपासच होते.

१९५१ पासून अहमदाबादच्या गिरणीमालकांनी आणि नगरपालिकेने कॉर्बुझिए यांना कामे दिली होती. संस्कार केंद्र आणि गिरणीमालक संघाची इमारत या त्यांच्या सार्वजनिक वास्तू शहरात उभ्या राहिल्या. उघडे काँक्रीट, खोल सावल्या, भव्य प्रमाण ही त्या वास्तूंची भाषा होती. या कामांवर देखरेख करण्यासाठीच दोशी पॅरिसहून परतले होते. तरुण वास्तुकाराला अशा वेळी दोन मोह पडतात. एक, गुरूची भाषा जशीच्या तशी बोलण्याचा. दुसरा, 'भारतीयत्व' सिद्ध करण्यासाठी घुमट, छत्री, कमान यांचे अलंकार बाहेरून चिकटविण्याचा. नवकवीपुढे जो पेच असतो, तोच हा. परभाषेतील प्रभावी कवीचे अनुकरण करावे, की जुन्या वृत्तात आश्रय घ्यावा? या दोन वास्तूंचे महत्त्व असे की, त्यांच्या कर्त्यांनी दोन्ही मोह बऱ्याच अंशी टाळले.

२. पोथ्यांचे घर

विद्यामंदिराच्या मुळाशी मुनी पुण्यविजयजी (१८९५–१९७१) यांचे कार्य आहे. पाटण, जैसलमेर इत्यादी ठिकाणच्या ज्ञानभांडारांतील पोथ्यांचे संशोधन व व्यवस्थापन करण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांच्या प्रेरणेने उद्योगपती कस्तुरभाई लालभाई यांनी ही संस्था उभी केली आणि मुनींचा हस्तलिखितसंग्रह तिच्या भांडाराचा पाया ठरला.

ताडपत्र अतिशय कोरड्या हवेत ठिसूळ होते. दमट हवेत त्याला बुरशी आणि कसर लागते. अहमदाबादचा उन्हाळा आणि पावसाळा ही दोन्ही संकटे पाळीपाळीने आणतात. म्हणून भांडाराला स्थिर तापमान आणि मंद प्रकाश हवा. दोशींनी ग्रंथभांडार अर्धे जमिनीखाली नेले. मातीचा थर उष्णता अडवितो. वरच्या बाजूने येणारा प्रकाश थेट न पडता परावर्तित होऊन आत येतो. भांडार असे खाली गेल्यामुळे इमारतीचे जोते उंच झाले आणि त्या जोत्यावर दर्शनी बाजूने लांबलचक ओसरी आली. जैसलमेरच्या संभवनाथ मंदिराच्या तळघरातील ज्ञानभांडार ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या योजनेतील परंपरेचा धागा सांगावा लागणार नाही.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, परंपरा आली ती आकृतीतून नव्हे, कार्यकारणातून. दोशींनी अहमदाबादमधील जुने उपाश्रय आणि घरे पाहिली. परंतु त्यांचे नक्षीकाम उचलले नाही. उचलली ती जमीन, जोते, ओसरी आणि खोली यांची परस्परसंगती. ओसरी ही रस्त्याची नव्हे आणि खोलीचीही नव्हे. उन्हातून आलेला वाचक तेथे थांबतो, डोळे निवतात, आवाज खाली येतो, आणि मग तो आत जातो. इमारतीचे साहित्य मात्र आधुनिक आहे. काँक्रीट झाकलेले नाही. गुरूची शब्दकळा राहिली, वाक्यरचना बदलली.

३. पत्रांचे घर

कोरियांपुढील प्रश्न अधिक अवघड होता. १९१७ पासून १९३० पर्यंत गांधीजींचे वास्तव्य ज्या आश्रमात होते, त्याच आवारात, 'हृदयकुंज' या साध्या निवासाच्या शेजारी, नवी वास्तू उभी करावयाची होती. तिच्यात तीस हजारांहून अधिक पत्रे, छायाचित्रे आणि कागदपत्रे ठेवावयाची होती. स्मारक म्हटले की उंची, अक्ष, महाद्वार अशी अपेक्षा निर्माण होते. आणि ज्याचे स्मारक, त्याची राहणी तर कौलारू घराची. मोठी वास्तू बांधली तर स्मरणीय व्यक्तीशी विसंगती. लहान बांधली तर संग्रह मावणार नाही.

कोरियांनी मोठी वास्तू बांधलीच नाही; एका लहान वास्तूची पुनरावृत्ती केली. सुमारे सहा मीटर लांबीरुंदीचा चौरस हा त्यांचा घटक होय. मराठी गृहरचनेत ज्याला 'खण' म्हणतात, त्याच्याशी हा घटक नात्याने जवळचा आहे. घर किती खणांचे, यावर ज्या भाषेत घराचे मोजमाप होते, त्या भाषेच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. विटांचे खांब, त्यांवर काँक्रीटच्या पन्हळी, वर कौलांचे उतरते छप्पर, खाली दगडी फरशी: असे एक्कावन्न खण एकमेकांना जोडले आहेत. काही खण बंदिस्त आहेत, काही केवळ छपराचे, काही उघडे. मध्यभागी आकाशाला खुला असलेला जलचौक आहे. खिडक्यांना काच नाही. लाकडी पट्ट्यांच्या झडपांतून वारा आणि प्रकाश येतो.

या रचनेत पन्हळीचे स्थान विशेष विचारार्ह आहे. ती तुळईप्रमाणे छपराचा भार खांबांवर नेते. पावसाचे पाणी वाहून नेते. आणि खणांच्या सीमा दाखविणारी रेषाही तीच असते. शिवाय उद्या संग्रह वाढला, तर तिच्याच आधाराने नवा खण जोडता येतो. एकच घटक चार कामे करतो आणि त्यांपैकी एकही काम लपवीत नाही. काटकसर हे ज्या आश्रमाचे व्रत होते, त्याच्या शेजारी याहून समर्पक अलंकार कोणता असणार?

भूमीचा विचारही येथे वास्तूपासून वेगळा काढता येत नाही. नदीकाठ, झाडे आणि जुनी घरे यांच्या मधून ही वास्तू पसरते. त्यांच्यासमोर उभी ठाकत नाही. तिला समोरची बाजू अशी नाहीच. पाहणारा एका खणातून दुसऱ्यात वळत जातो, मधेच पाण्याजवळ थांबतो, पुन्हा सावलीत शिरतो. बाग आधी आणि इमारत नंतर, किंवा याच्या उलट, असा क्रम लावता येत नाही.

मराठी अभ्यासकाला या परिसराशी आणखी एक नाते आहे. काकासाहेब कालेलकर हे मराठी मातृभाषेचे लेखक येथे राहून गुजराती गद्याचे मानकरी झाले. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी येथील प्रार्थनेसाठी सिद्ध केलेल्या 'आश्रम भजनावली'त मराठी अभंग अन्य भाषांतील भजनांच्या शेजारी बसले. अनेक भाषा एकाच मापाच्या छपराखाली समान मानाने नांदल्या, ही त्या परिसराची वाङ्मयीन वस्तुस्थिती आहे. समान खणांची रचना तिला अनुरूप ठरावी, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

४. रूपबंधाचा प्रश्न

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. संग्रहालयाच्या विश्लेषणास ती सहज लागू पडतात. समान खणांची पुनरावृत्ती हा संवाद. बंदिस्त आणि उघडे, कौल आणि पाणी, ऊन आणि सावली हा विरोध. आणि सममिती नसतानाही जलचौकाभोवती सिद्ध होणारी स्थिरता हा समतोल. परंतु एवढ्याने विवेचन पूर्ण होत नाही. पन्हळीतून पावसाचे पाणी प्रत्यक्ष वाहते, हे तिच्या सौंदर्याला बाह्य मानावे काय? रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे सौंदर्यविचाराचे दोन ध्रुव मांडले. सार्वजनिक वास्तू ही या दोन ध्रुवांमधील ताण जवळून पाहण्याची जागा आहे. उपयोग वगळला तर ती केवळ आकृती उरते. आकृती वगळली तर गुदाम उरते. पन्हळ सुंदर वाटते ती उपयुक्त असूनही नव्हे, उपयुक्त आहे म्हणूनही नव्हे. तिच्यात उपयोग हाच आकृतीचा घटक झाला आहे, म्हणून.

दोन्ही वास्तूंतील भेदही स्पष्ट केला पाहिजे. विद्यामंदिर शब्दाला प्रथम जपते आणि मग वाचकाला बोलावते. संग्रहालय वाचकाला प्रथम आत घेते आणि शब्दाची जपणूक काही बंदिस्त खणांवर सोपविते. प्रत्येकीने काही गमावले आहे. अर्धवट जमिनीखालचे भांडार अभ्यासकाचे राहते, वाटसरूचे होत नाही. उलट, उघड्या खणांतून येणारा वारा धूळही आणतो. कागदाला ती मानवत नाही. म्हणून खुलेपणाचे श्रेय देताना जतनाची जबाबदारी वास्तूवरून संस्थेवर अधिक जाते, हेही सांगितले पाहिजे. निर्दोष उत्तर कोणतेच नाही. प्रश्न मात्र दोघांनीही अचूक ओळखला होता.

५. आरंभाचा अर्थ

आरंभीच्या कृतीतील शोध पुढे कसे फळतात, हेही पाहण्यासारखे आहे. १९८२ मध्ये खुल्या झालेल्या भोपाळच्या भारत भवनात कोरियांनी तलावाकाठचा उतार न मोडता त्यातच वास्तू बसविली. वरून येणाऱ्याला प्रथम इमारत नव्हे, तर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या गच्च्या, चौक आणि पलीकडचे पाणी दिसते. भारतीय कवितेचे केंद्र 'वागर्थ' याच वास्तूत आहे. साबरमतीकाठच्या आकाशखुल्या चौकाचा हा विस्तार होय. दोशींना २०१८ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. परंतु हवामान, उंबरठा आणि सावली यांचा विचार त्यांच्या या आरंभीच्या कामातच दिसून येतो.

यावरून नवोदित वास्तुकाराच्या संदर्भात तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, अनुभव कमी असताना घटक लहान ठेवणे हा दुबळेपणा नव्हे. एक खण नीट साधला तर एक्कावन्न साधतात. दुसरी, परंपरेकडून उसनी घ्यावयाची ती कारणे, आकृती नव्हे. तिसरी, सार्वजनिक वास्तूचा कर्ता एकटा नसतो. मुनींचे पोथीज्ञान आणि आश्रमाची राहणी ही या वास्तूंची सहकर्ती आहेत, आणि त्यांचे ऐकून घेणे हेच तरुण वयातील मुख्य कौशल्य होते.

हा विचार केवळ इतिहासाचा नाही. साबरमती आश्रमाच्या परिसराचा सुमारे १,२०० कोटी रुपयांचा पुनर्विकास हाती घेण्यात आला असून, त्याच्या बृहत् आराखड्याचे अनावरण १२ मार्च २०२४ रोजी, दांडीयात्रेच्या आरंभदिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. कालौघात आक्रसलेला आश्रमाचा परिसर ५५ एकरांपर्यंत पूर्ववत करावा आणि जुन्या इमारतींचे जतन व्हावे, असा त्याचा उद्देश सांगितला आहे. २०२१ मध्ये अनेक लेखक, इतिहासकार आणि गांधीविचाराचे कार्यकर्ते यांनी या योजनेमुळे तेथील साधेपणा हरपेल, अशी चिंता जाहीरपणे व्यक्त केली होती. दोन्ही पक्षांच्या मांडणीचा निवाडा करणे हे येथील प्रयोजन नव्हे. मात्र निवाड्यासाठी लागणारे माप त्याच आवारात उपलब्ध आहे. वाढावयाचे असेल तर कसे वाढावे, हे पन्हळीच्या मोकळ्या टोकांनी १९६३ मध्येच सांगून ठेवले आहे: शेजारच्या खणाइतके, आणि झाडाला वळसा घालून.

पोथी आणि पत्र यांचे संपादन करणाऱ्या अभ्यासकाला मूळ पाठात भर घालण्याच्या मर्यादा ठाऊक असतात. वास्तूलाही असा मूळ पाठ असतो. तो वाचता येणे ही तिच्या जतनाची पहिली अट होय.