वीतभर दांड्यांची शोधाशोध

घरी गाडी बांधतोय म्हटलं की लोक पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतात. इंजिनाचं काही अडत नाही. भंगारात अख्खी ओम्नी मिळते आणि तिच्यासोबत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल एकदमच घरी येतो. अडतं ते वीतभर दांड्यांपाशी. एक रेडिएटरला वरून धरणारा, एक पुढच्या मडगार्डला तोलणारा, दोन हेडलाइटचे आणि एक गिअर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारा. कारखान्यात प्रत्येक सांगाडा एकाच साच्यात जोडला जातो, म्हणून तिथे ठरावीक लांबीचा दांडा चालतो. आपल्या चौकटीत वेल्डिंगच्या उष्णतेनं पाइप ओढला जातो आणि डावी-उजवी बाजू दोन-तीन मिलिमीटरनं वेगळी निघते. तेवढ्यासाठी लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा लागतो.

आमची गाडी १९५७ च्या लोटस सेव्हनच्या घराण्यातली. पाइपांची चौकट, वर ॲल्युमिनिअमचा पत्रा, चाकं उघडी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे अशा गाडीच्या नमुन्याची अधिकृत संस्थेकडून चाचणी लागते, ते आमच्या आवाक्यातलं नाही. त्यामुळे ती पळणार शेताच्या वाटेवर आणि खासगी ट्रॅकवर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हिंडून जे कळलं ते असं.

१. दुकानात जाताना व्हर्निअर आणि आट्यांचं गेज खिशात हवं. आपल्याकडची हार्डवेअरची दुकानं आजही सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुती बोल्ट भरतो ७.९४ मिलिमीटर, आणि एम ८ चा असतो ८. डोळ्यांना फरक दिसणं शक्य नाही. पण अडीच सुतीला इंचात १८ आटे, एम ८ ला वीसहून थोडे जास्त. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन फेरे गुमान जातो आणि मग घट्ट होतो. काउंटरवरचा माणूस सांगतो, ‘नवीन हाय, जरा पाना लावा.’ तिथे पाना लावायचा नाही.

२. उलट्या आट्यासाठी हट्ट धरावा. दांड्याच्या दोन्ही टोकांना सुलटे आटे असले तर लांबी बदलायला प्रत्येक वेळी एक टोक सोडावं लागतं. एका टोकाला उलटा आटा असला की दोन्ही टोकं जागेवर राहतात. मधला भाग पान्यानं फिरवला की दोन्हीकडचे आटे एकदम आत किंवा बाहेर जातात. एम ८ चा आटा १.२५ मिलिमीटरचा, म्हणून एका फेऱ्यात अडीच मिलिमीटर. मडगार्ड चाकाशी समांतर आणायला अर्धा-पाऊण फेरा पुरतो.

दांड्याच्या टोकाला बसणाऱ्या गोळीच्या जोडाला दुकानात रॉड एंड म्हणतात. तो मागताना हे सांगूनही संवाद ठरलेला.

‘काका, रॉड एंड आहे का एम ८ चा, उलट्या आट्याचा?’

‘उलटा कशाला रं? सुलटा घे की, काम तेच करतंय.’

काकांशी वाद न घालता नंबर लिहून दाखवावा. बाहेर आटे असलेला पीओएस ८ किंवा एसए ८, आत आटे असलेला पीएचएस ८ किंवा एसआय ८. एल अक्षर दिसलं की तो उलटा. बेअरिंगच्या दुकानात हा नंबर दाखवला की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

३. एम १० म्हटल्यावर सगळं एकच असतं असं नाही. बेअरिंगवाल्याकडच्या पीओएस १० ला दीड मिलिमीटरचा आटा असतो. न्यूमॅटिकच्या दुकानात सिलिंडरच्या दांड्याला लागणारा डोळा आणि चिमटा मिळतो, त्यालाही एम १० म्हणतात, पण आटा १.२५ चा. दिसायला दोघे सख्खे भाऊ. कुठल्याही एका दुकानाशी लग्न लावावं आणि गाडीभर त्याच आट्यानं काम करावं.

४. मोटारीच्या स्पेअर पार्टवाल्याकडे या वस्तू क्वचितच सापडतात. त्याला गाडीचं मॉडेल आणि साल लागतं, आपल्या गाडीला दोन्ही नाही. शेजारच्या धंद्यांत बघावं. पॅकिंग मशिनवाले, न्यूमॅटिकवाले, इचलकरंजीला मागांचे सुटे भाग विकणारे. बाईकच्या दुकानात गिअर लिव्हरची लिंक मिळते. तिला दोन्ही टोकांना गोळीचे जोड आणि लांबी बदलायची सोय तयारच असते. हेडलाइटच्या दांड्याला तीच लावली, हलकी आणि देखणी. जाडजूड काम मात्र तिच्याकडून घेऊ नये.

५. मधला भाग विकत घेण्यापेक्षा करून घ्यावा. १३ मिलिमीटरचा हेक्स बार हव्या त्या लांबीला कापायचा आणि लेथवर दोन्ही टोकांना ६.८ च्या ड्रिलनं चाळीसेक मिलिमीटर खोल भोक मारायचं. एका टोकाला सुलटा टॅप, दुसऱ्याला उलटा. १३ चा बार घ्यायचं कारण इतकंच, की एम ८ च्या चेकनटलाही १३ चाच पाना बसतो आणि ट्रॅकवर एकाच मापाचे पाने पुरतात. उलटा टॅप बहुतेक टर्नरांकडे नसतो, तो आपण आणून द्यायचा.

बार लेथवरून उतरायच्या आधी आणखी एक काम करून घ्यावं. प्रत्येक टोकापासून १२ मिलिमीटरवर २ मिलिमीटरचं आडवं भोक. एम ८ ला साध्या लोखंडात निदान तेवढी पकड हवी. दांडा बसवल्यावर त्या भोकात तार घालायची. तार अडली तर आटे पुरेसे आत आहेत, आरपार गेली तर दांडा टोकावर लटकतोय. आणि दोन्ही टोकं एकाच वेळी सुरू करायची, नाहीतर एक पूर्ण आत आणि दुसरं दोन आट्यांवर.

६. दांडा धरणारा कंस चौकटीवर वेल्ड करायची घाई नको. आधी जोड हातात यावा. पीओएस ८ ची गोळी १२ मिलिमीटर रुंद, म्हणून कंसाच्या दोन पाकळ्यांमध्ये तेवढीच फट. बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार हवा. जागाच नसेल आणि एकाच बाजूला बसवावं लागलं, तर बाहेरून जोडाच्या कड्यापेक्षा मोठा वायसर घालावा. आतलं अस्तर झिजून गोळी निसटली तरी दांडा बोल्टवर अडकून राहतो. दांड्यानं ओढावं किंवा ढकलावं. वाकायची पाळी आली की चेकनटपाशी, आट्याच्या खाचेतच तो मोडतो.

७. स्टेनलेसच्या चकाकीवर जाऊ नये. बाजारातला नेहमीचा ए२-७० बोल्ट ७०० मेगापास्कलचा, साधा ८.८ चा हाय टेन्साइल ८०० चा. शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसवर कोरडा आवळला की कधी कधी असा धरतो की कापावाच लागतो.

८. सायलेन्सरजवळ नायलॉक नट नको. १२० अंशांच्या पुढे त्याचं नायलॉन कामातून जातं. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट.

९. रेडिएटरला दोन्ही टोकांना गोळीचे जोड लावले तर इंजिनाची थरथर सरळ त्याच्या पितळी सांध्यांत जाते. एका टोकाला रबरी बुश हवाच. हेडलाइटलाही तेच, नाहीतर रात्री समोरची झाडं नाचताना दिसतात.

१०. स्टिअरिंग आणि ब्रेकला यातलं काहीही लागू करायचं नाही. आमचा टायरॉड थोडा आखूड पडत होता. टर्नर म्हणाला, ‘मधे तुकडा वेल्ड करून देतो, कुणाला कळायचं पण नाही.’ त्याची वेल्डिंग सुबक असते, तरी नको म्हटलं आणि चौकटीतली स्टिअरिंगची जागा बाजूला घेतली. त्यात पुढच्या दोन पाइपांचं काम पुन्हा करावं लागलं. टायरॉड एंड मात्र कंपनीचा, डब्यातून काढलेला. खाचांचा नट आवळला आणि आरपार नवी स्प्लिट पिन घालून तिचे पाय दुमडले.