विमानाचे तास आणि कपिलधारची वाट

लंडन ते मुंबई हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, वेळ नऊ-साडेनऊ तास. फोनवर एवढं बघून माझ्या भाच्यानं कार्तिक पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला यायचं ठरवलं. मन्मथ स्वामींच्या समाधीचं दर्शन लहानपणापासून राहिलेलं. आकडे खोटे नव्हते. पण ते एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतचे. पुढचं मराठवाड्यात कुणी मोजायचं?

रात्री नऊला निघून तो सकाळी साडेअकराला मुंबईत उतरला. पुढे संभाजीनगरचं विमान होतं, मध्ये दोन तास. एजंटानं स्वस्त पडतं म्हणून दोन तिकिटं वेगवेगळी काढलेली. पासपोर्ट तपासणीची रांग, पट्ट्यावरून बॅगा येण्याची वाट, कस्टम्स, पुन्हा सामान देणं, यात ते विमान गेलं. पैसेही बुडाले, कारण तिकिटं स्वतंत्र असली की पहिल्या विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मग भाड्याची गाडी. पुणे, अहिल्यानगर, जामखेड, पाटोदा करत कपिलधारजवळच्या मांजरसुंब्याला पोचायला मध्यरात्र झाली. दिंड्या परतायला लागल्या होत्या.

तेव्हापासून परदेशातून कुणी विचारलं की मी सांगतो, हिशोब कपिलधारपासून उलटा धरा. यात्रेत गाड्या अलीकडेच थांबवतात, तिथून चालायचंय. संभाजीनगरहून बीड सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर, पुढे मांजरसुंबा, म्हणजे गर्दी धरून चार तास ठेवा. मुंबईहून थेट रस्त्यानं आलात तर दिवस त्यातच जातो. विमान बदलणार असाल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या, नाहीतर मुंबईत एक रात्र काढा. एक तिकीट असलं तरी कस्टम्ससाठी बॅगा सहसा मुंबईत उतरवून घ्याव्या लागतात, हे एजंट सांगत नाहीत. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्‌घाटन झालंय, तेव्हा तिकिटावर कोणता विमानतळ लिहिलाय तेही नीट वाचा.

घड्याळाचंही बघा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी काटे तासभर मागे नेतात, म्हणजे आपल्याशी साडेचार तासांचा फरक साडेपाचाचा होतो. कार्तिक पौर्णिमा बहुधा त्यानंतरच येते. वेळ ठरवताना घरच्यांशी ‘तुमचे किती वाजता’ हे स्पष्ट बोला. परतीचं विमान जास्त वेळ घेतं; उंचावरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो, येताना तो मदत करतो आणि जाताना आडवा येतो.

१७ सप्टेंबर २०२५पासून बीडला अहिल्यानगरहून रेल्वेही आली. आमच्यासाठी मोठीच गोष्ट, पण लंडनहून येणाऱ्यानं यात्रेच्या दिवशी तिच्यावर विसंबू नये.

म्हातारे आई-वडील सोबत असतील तर पौर्णिमेच्या निदान दोन दिवस आधी मुंबईत उतरा.