'स्त्रीपुरुषतुलना' : पक्षपाताच्या आक्षेपाचा विचार

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या निबंधावर एकांगीपणाचा आक्षेप घेता येतो. परंतु शीर्षकातील 'तुलना' हा शब्दच त्या आक्षेपाची फेरतपासणी करावयास लावतो. सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेच्या भ्रूणहत्येच्या खटल्यानंतर (१८८१) 'पुणेवैभव'ने समस्त स्त्रीजातीवर झोड उठविली. त्या निमित्ताने बुलढाण्याच्या ताराबाईंनी लेखणी उचलली, आणि वृत्तपत्रापाशी न थांबता 'स्त्रीचरित्र', 'मनोरमा' नाटक अशा तत्कालीन वाङ्मयातील स्त्रीचित्रणालाही जाब विचारला. मराठीतील स्त्रीवादी समीक्षेचा आरंभ येथेच मानावा लागतो.

स्त्रिया निर्दोष असतात, असे त्यांचे प्रतिपादन नाही. साहस, कपट, अविचार हे दोष स्त्रीस्वभावाचे म्हणून रंगविले जातात. ते पुरुषांत नाहीत काय, एवढाच त्यांचा प्रश्न. ही समान मोजमापाची मागणी होय. तिला पक्षपात म्हणणे तर्काला धरून नाही. उपरोधाच्या भरात पुरुषांविषयी त्याही सरसकट बोलून जातात, हे मात्र मान्य केले पाहिजे. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे विस्मृतीत गेलेला हा निबंध स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रकाशात आणला.