घटक ४ : राजकीय भाषण – लेखन आणि सादरीकरण

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :
• लिखित गद्य आणि भाषणाची भाषा यांतील फरक स्पष्ट करणे.
• भाषणातील सर्वनामे, वाक्यरचना व अलंकरण यांचे कार्य ओळखणे.
• आश्वासनाची भाषिक कसोटी सांगणे.
• दुसऱ्या वक्त्यासाठी लहान भाषणाचा मसुदा तयार करणे.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वाचकाला वाक्य समजले नाही तर तो मागे वळून ते पुन्हा वाचतो. श्रोत्याला ही सोय नसते. उच्चारलेले वाक्य त्याच क्षणी कळले पाहिजे, अन्यथा ते वाया जाते. भाषणलेखनाचे बहुतेक नियम या एका वस्तुस्थितीतून निघतात.

या घटकातील उदाहरणे आपण मुख्यतः मुंबईच्या गिरणगावातून, म्हणजे घोडपदेव, काळाचौकी, लालबाग, परळ या परिसरातून घेणार आहोत. मराठी राजकीय वक्तृत्वाचा मोठा भाग याच वस्तीसमोर घडला. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. वर्षागणिक एक दिवस, असा त्या संपाचा हिशेब होता. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, तेव्हा परळच्या कामगार मैदानावर मोठी सभा भरली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर सभा हेच चळवळीचे प्रमुख साधन होते. १९५७च्या निवडणुकीत कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे लोकसभेवर आणि आचार्य अत्रे मुंबई विधानसभेवर निवडून गेले, त्यामागे या सभांचा वाटा मोठा होता.

४.२ वक्ता आणि श्रोता यांचे नाते : ‘आम्ही’ की ‘आपण’?

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने मनवळवणीची तीन साधने सांगितली : वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्यांच्या भावना आणि विषयातील तर्क. या तिन्हींचा पाया वक्ता स्वतःला श्रोत्यांच्या संदर्भात कोठे उभे करतो, यावर अवलंबून असतो. मराठीत ही जागा सर्वनामांतून दिसते.

हिंदीतील ‘हम’ किंवा इंग्रजीतील ‘वी’ या एका शब्दात श्रोता आत आहे की बाहेर, हे कळत नाही. मराठीत मात्र दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते. ‘आम्ही तुम्हांला घरे मिळवून देऊ’ या वाक्यात देणारा व घेणारा असे दोन पक्ष पडतात. ‘आपण घरे मिळवू’ या वाक्यात श्रोता कृतीचा भागीदार होतो. मसुदा तपासताना प्रत्येक ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांखाली रेघ ओढावी आणि तो शब्द तेथे खरोखर लागू आहे का, हे पाहावे. जो वक्ता संघर्षात नव्हता, त्याच्या तोंडचे ‘आपण लढलो’ हे वाक्य श्रोते लगेच ओळखतात. विश्वासार्हता तेथेच संपते.

‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषवाचक सर्वनामही आहे. ‘आपण मतदान करावे’ यात वक्ता स्वतःला वगळत असतो. हे दोन अर्थ एकाच परिच्छेदात मिसळू नयेत.

४.३ वाक्याची घडण

मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. म्हणजे वाक्य कशाविषयी आहे, हे कळले तरी त्याचे काय झाले, हे कळण्यासाठी श्रोत्याला शेवटपर्यंत थांबावे लागते. कर्ता आणि क्रियापद यांत चार पोटवाक्ये घातली की कर्ता विसरला जातो. म्हणून भाषणातील वाक्य लहान हवे किंवा लांब असल्यास लहान तुकड्यांत तोडता येण्याजोगे हवे.

ज्या शब्दावर भर द्यायचा तो सामान्यतः क्रियापदाच्या लगेच आधी ठेवावा. ‘कामगारांना ही घरे मिळाली पाहिजेत’ आणि ‘ही घरे कामगारांनाच मिळाली पाहिजेत’ या दोन वाक्यांची तुलना करा. पहिल्यात मागणी आहे. दुसऱ्यात त्या घरांवर इतर कोणाचा तरी डोळा आहे, हे न सांगता सांगितले आहे. हा फरक शब्दक्रम आणि ‘च’ या एका अव्ययाने घडवला आहे.

४.४ विरोध, त्रयी आणि प्रतिमा

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मॅक्स ॲटकिन्सन यांनी राजकीय सभांची ध्वनिमुद्रणे तपासली. टाळ्या कोठे पडतात याचा त्यांचा अभ्यास १९८४ मध्ये ग्रंथरूपाने आला. त्यात दोन रचना ठळकपणे पुढे आल्या : दोन गोष्टींचा विरोध आणि तीन घटकांची यादी. दोन्हींत वाक्य कोठे संपणार, हे श्रोत्याला आधी जाणवते. म्हणून सगळे एकाच वेळी टाळ्या वाजवू शकतात.

या रचनांचे काम केवळ टाळ्यांपुरते नसते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संविधान सभेत केलेल्या भाषणाचा उत्तरार्ध पाहा. त्यात तीन इशारे आहेत : सनदशीर मार्ग सोडू नका, राजकारणात व्यक्तिपूजा करू नका, राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड द्या. त्यानंतर एक विरोध येतो : २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता असेल, परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता असेल. येथे त्रयी विचाराचा सांगाडा आहे, विरोध हाच युक्तिवाद आहे.

तिसरे साधन प्रतिमेचे. सभांना शाहिरांची जोड असे. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड मुंबईत राबणारा कामगार आणि गावी राहिलेली त्याची पत्नी यांच्या ताटातुटीतून महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचे दुःख सांगते. सीमाप्रश्न हा नकाशाचा विषय. कोकणातून वा घाटावरून आलेल्या कामगाराला तो स्वतःच्या घराचा विषय वाटला, तो या प्रतिमेमुळे. प्रतिमा श्रोत्यांच्या जगण्यातून घ्यावी, वक्त्याच्या वाचनातून नव्हे.

अतिशयोक्तीविषयी एक सावधगिरी. अत्र्यांची अतिशयोक्ती प्रसिद्ध आहे. परंतु ती अतिशयोक्ती आहे हे वक्ता आणि श्रोते दोघांनाही ठाऊक असे. त्या हशात फसवणूक नव्हती. आकडे आणि वचने यांत मात्र अतिशयोक्ती म्हणजे असत्यच.

४.५ आश्वासन : बोलणे ही कृती

जे. एल. ऑस्टिन या तत्त्ववेत्त्याने दाखवून दिले की काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, ती कृती करतात. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे म्हणजेच वचन देणे. त्याचे शिष्य जॉन सर्ल यांनी वचनाच्या अटी मांडल्या. त्यांतील तीन आपल्या कामाच्या आहेत : ती गोष्ट श्रोत्याला हवी असावी, वक्त्याला ती करता येण्याजोगी असावी आणि ती करण्याचा त्याचा खरा हेतू असावा.

गिरणगावात या कसोटीला फार मोल आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. नंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ मुळे गिरण्यांच्या जमिनीचा मोठा हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागा आणि परवडणारी घरे यांसाठी मिळेल, अशी अपेक्षा होती. २००१च्या दुरुस्तीने हा हिस्सा बांधकाम नसलेल्या जमिनीपुरताच मोजला जाऊ लागला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थावर हजारो घरांचे भवितव्य ठरले. ज्या भाषणलेखकाला हा इतिहास ठाऊक नाही, त्याने या श्रोत्यांसमोर घरांविषयी एक ओळही लिहू नये.

आता एका काल्पनिक उमेदवाराचे दोन मसुदे पाहा.

(अ) ‘गिरणी कामगारांच्या प्रलंबित घरकुलांसंदर्भात शासनस्तरावर सकारात्मक विचार करण्यात येऊन यथावकाश योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’

(आ) ‘गिरणी कामगाराला घर हवे आहे. घराला जमीन लागते. ती जमीन कुठे आहे, किती आहे, कोणाच्या ताब्यात आहे, हे मी पहिल्याच अधिवेशनात विचारीन. मिळालेले उत्तर घेऊन याच मैदानात परत येईन.’

(अ) मध्ये ‘करण्यात येईल’ या रचनेने कर्ता लपवला आहे आणि ‘यथावकाश’ या शब्दाने काळ. वचनाचा आभास आहे, वचन नाही. (आ) मध्ये कर्ता ‘मी’ आहे, काळ ठरलेला आहे. मुख्य म्हणजे आमदाराला जे खरोखर करता येते तेवढेच सांगितले आहे. ते लहान वाटेल. पण ते मोडले तर श्रोत्याला बोट ठेवता येईल. ज्यावर बोट ठेवता येते तेच आश्वासन.

४.६ सादरीकरणाची पूर्वतयारी

मसुदा लेखकाचा असला तरी भाषण वक्त्याचे असते. म्हणून लिहिण्यापूर्वी वक्त्याला विषयावर अर्धा तास बोलू द्यावे आणि त्याचे नेहमीचे शब्द टिपून घ्यावेत. मसुदा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. जेथे तो अडखळतो, तेथे दोष बहुधा वाक्यात असतो. विरामाच्या जागा तिरप्या रेघेने दाखवाव्यात. ध्वनिक्षेपकाचा प्रतिध्वनी येणाऱ्या मैदानात प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबणे अत्यावश्यक ठरते. पहिले आणि शेवटचे वाक्य वक्त्याने पाठ करावे, म्हणजे त्या दोन्ही वेळी त्याची नजर कागदावर नसेल.

४.७ सारांश

भाषण एकदाच ऐकले जाते, म्हणून त्याची वाक्ये लहान व स्पष्ट असावीत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची निवड वक्ता व श्रोता यांचे नाते ठरवते. विरोध, त्रयी व प्रतिमा ही विचार पोहोचवण्याची साधने आहेत. आश्वासनात कर्ता, काळ आणि शक्यता या तिन्ही गोष्टी उघड असाव्यात.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद राजकीय भाषणाच्या संदर्भात सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘करण्यात येईल’ ही रचना आश्वासनात का टाळावी?
३. आपल्या परिसरातील एक सभा ऐका. वक्त्याने दिलेली आश्वासने लिहून काढा आणि प्रत्येकापुढे कर्ता, काळ व शक्यता यांची नोंद करा.
४. आपल्या वस्तीतील एका प्रश्नावर दुसऱ्या व्यक्तीने करावयाच्या तीन मिनिटांच्या भाषणाचा मसुदा लिहा आणि तो त्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घेऊन दुरुस्त करा.