स्टिकला दोष देण्यापूर्वी

चंदीगडच्या गोल्फ मैदानावर भल्या पहाटे उतरणाऱ्या हौशी खेळाडूचा दृढ समज असतो की, चेंडू दूर गेला म्हणजे खेळ सुधारला. वस्तुतः दोनशे यार्डांचा टोला आणि दोन फुटांवरून हुकलेला हलका फटका, दोहोंची स्कोअरकार्डावर नोंद ‘एक’ अशीच होते. होलचा व्यास अवघा 108 मिलिमीटर; त्याला बाहुबलाचे कौतुक नाही. सरावाचा निम्मा वेळ त्याच्याभोवती घालवावा.

नव्या स्टिकांनी खेळ सुधारतो, हा दुसरा आणि महागडा समज. नियमाने पिशवीत चौदाच स्टिका चालतात; पंधरावी दंडाचे फटके घेऊन येते! दर रविवारी नवा स्विंग शिकण्याचेही प्रयोजन नाही. याच शहराचे जीव मिल्खा सिंग यांचा स्विंग पाठ्यपुस्तकात शोभणारा नव्हता; तरीही 2007 साली ‘मास्टर्स’मध्ये खेळणारे ते पहिले भारतीय ठरले.

हरवलेला चेंडू 2019 पासून पाचऐवजी तीनच मिनिटे शोधता येतो. चौथ्या मिनिटाला तो झुडपाआड ‘सापडतो’, तेव्हा खरी हानी सुरू होते. हॅंडिकॅप स्कोअरकार्डांवरूनच ठरतो. लपवलेल्या फटक्यांनी तो खाली येतो, आणि स्पर्धेच्या दिवशी सवलतीचे फटकेही तितकेच कमी मिळतात. ताळेबंद सजवणाऱ्या व्यापाऱ्याला करही त्याच आकड्यांवर भरावा लागतो, तशीच ही गत. सोबत्यांच्या चहाचे बिल मग त्याच्याच नावे पडते.