कन्सोलवरची पायरी मागून घे

अगं, तुझा निरोप वाचला. ‘अक्का, सर रोबोटवर बसतात, मी नुसती सक्शन धरून उभी. अशानं सर्जन कधी होणार?’ आधी जेव बघू. उपाशीपोटी एमएस सोडायचे विचार करायचे नाहीत.

खरं सांगू का, तुझी तक्रार खोटी नाही. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनात सरांना तुझे हात लागतातच. आज रिट्रॅक्टर, उद्या गाठ, परवा एखादा टाका, असं करत काम तुझ्याकडे येतं. रोबोटवर कॅमेरा आणि हत्यारं एकच माणूस कन्सोलवरून चालवतो, मग तुझ्यावाचून अडतं कुणाचं? मॅट बीन नावाच्या संशोधकानं अमेरिकेतल्या रुग्णालयांत हेच पाहिलं आणि 2019 साली लिहिलं. शिकाऊ डॉक्टर बहुतेक वेळ बघतच राहतात. ज्या थोड्यांना रोबोट जमला, ते सिम्युलेटरवर तासन्‌तास बसले, व्हिडिओ पाहिले, आणि कधी पुरेशी देखरेख नसतानाही हात चालवून शिकले. यातलं शेवटचं तू करायचं नाहीस हं. पेशंट कुणाच्या तरी घरचा असतो.

पण विळीवर नारळ खवायला नुसतं बघून येतं का गं? म्हणून मागायला शीक. केस सुरू असताना नाही, आदल्या दिवशी. ‘सर, उद्या एवढी एक पायरी मी करू का?’ असं नेमकं विचार. ‘मला शिकवा ना’ म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि विसरतात. जिथे दोन कन्सोल असतात तिथे सर हवं तेव्हा ताबा परत घेऊ शकतात, तिथे तर लाजूच नकोस. आणि सिम्युलेटर रिकामा दिसला की बस. माझ्या पहिल्या आभासी पेशंटचं काय झालं ते मात्र विचारू नकोस!

टेबलापाशी उभं राहणं फुकट जातं असंही समजू नकोस. पोर्ट कुठे टाकायचे, रोबोटचे हात एकमेकांवर आपटू नयेत म्हणून यंत्र कसं लावायचं, हे तिथेच कळतं. अचानक रक्तस्राव झाला आणि पोट उघडायची वेळ आली, तर सर कन्सोलवर आणि पेशंटजवळ तू असतेस. रोबोट झटकन बाजूला कसा घ्यायचा, हे नर्सबाईंबरोबर आधीच करून बघ.

आणखी एक. बऱ्याच रोबोटवर स्पर्श कळत नाही, धागा किती ताणला ते डोळ्यांनी ओळखावं लागतं. किती ताण पुरे, ही जाण उघड्या ऑपरेशनात हाताला येते, म्हणून रात्रीची इमर्जन्सी टाळू नकोस. तुला परत गावाकडे, जोयड्याला यायचंय ना? रामनगरकडून फुटलेलं अपेंडिक्स येईल तेव्हा रोबोट नसेल, तुझे हातच असतील. दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरून दाखवलं. गावाकडच्या सर्जनला असं डोकं लागतं, आणि ते तुझ्याकडे आहे.

रोबोट शीकच, तो आता जाणार नाही. फक्त उघडं पोट हाताळायला येण्याआधी त्याच्या प्रेमात पडू नकोस. उद्या सरांना विचार, आणि काय म्हणाले ते रात्री फोन करून सांग.